लघुशंकासमाधान

समीक्षकाने ग्रंथ अलिप्तपणे वाचावा, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. परंतु एका हातात ग्रंथ, दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं आणि पायाखाली नुकतंच साचलेलं तळं, अशा अवस्थेत भलाभला समीक्षकही लिप्त होतो. तेव्हा कुत्र्याच्या पिलाला स्वच्छतेचे धडे देणाऱ्या वाङ्मयाची ही समीक्षा थोडी ओलसर वाटली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पार्श्वभूमी एवढीच, की धाराशिवात अंगणाचं जुनं भाड्याचं घर सोडून आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. त्याच आठवड्यात घरात आणखी दोघे आले. एक, मुलीने आणलेलं दोन महिन्यांचं पामेरियन. आणि दुसरे आमचे आण्णा, वय वर्षं चौऱ्याऐंशी. आई गेल्यावर भूम तालुक्यातल्या गावी त्यांना एकटं ठेवणं बरं नव्हतं. मुलीने पिलाचं नाव 'कुकी' ठरवलं होतं. आण्णांनी खंडोबाला स्मरून त्या दीड किलोच्या ऐवजाला 'वाघ्या' करून टाकलं. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ साली सरकारदरबारी उस्मानाबादचं धाराशिव झालं, तरी माझ्या तोंडात अजून अधूनमधून जुनंच येतं. वाघ्याने मात्र नवं नाव चार दिवसांत आत्मसात केलं. पुढे तो सगळंच इतक्या चटकन शिकेल, असा आमचा भाबडा समज झाला.

मराठीने या क्रियेला 'लघुशंका' असं सुरेख नाव दिलं आहे. वाघ्याच्या बाबतीत शंका फक्त आम्हाला असे. तो मात्र अगदी निःशंक! दुसरा शब्द 'परसाकडे'. या एका शब्दात अख्खा अभ्यासक्रम आहे: घर सोडायचं, मागच्या दाराने जायचं, मातीत बसायचं. फ्लॅटला मागचं दार नाही, परस नाही आणि मातीही नाही. शब्द उरला, त्याचा अर्थ गावीच राहिला.

या विषयावरचं पहिलं वाङ्मय मौखिक. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "सर, जितं केलं तितंच नाक घासा त्याचं. आन् पेपरची सुरळी करून दोन हाणा. बघा कसं सुतासारखं सरळ येतंय." या परंपरेला लोकमान्यता अफाट, पण तर्कात ती कच्ची आहे. अर्ध्या तासापूर्वीच्या कृत्याशी आत्ताच्या धपाट्याचा संबंध पिलाला जोडता येत नाही. त्याला इतकंच कळतं, की ओलं आणि मालक एका ठिकाणी आले की आपली धडगत नाही. मग ते शहाणं होतं आणि कार्यक्रम पलंगाखाली उरकतं.

लिखित वाङ्मयात पहिलं नाव बार्बरा वुडहाउस या ब्रिटिश बाईंचं. १९८० साली बीबीसीवरच्या मालिकेमुळे त्या घरोघर पोचल्या. कुत्रं मुळात वाईट नसतंच, मालक अडाणी असतो, हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त उत्तम. मात्र अडाणी मालक असताना गळ्यातल्या साखळीचा झटका कुत्र्याला का, हे काही मला उमगलं नाही. ती रीतही आता मागे पडली आहे. दुसरा ग्रंथ अमेरिकेतल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंचा, १९७८ सालचा. हे साधू प्रार्थना करतात आणि जर्मन शेफर्ड कुत्री वाढवतात. उद्दाम कुत्र्याला उताणं पाडून दरडावण्याचा उपाय त्यांनी आधी दिला होता. २००२ च्या सुधारित आवृत्तीत तो काढून टाकला. सुधारित आवृत्तीत खरोखर सुधारणा केलेला ग्रंथ माझ्या पाहण्यात हा पहिलाच.

अलीकडचं वाङ्मय मात्र गणिती आहे. पिलाचं वय जितके महिने, अधिक एक, तितके तास ते कळ काढू शकतं, असा ढोबळ हिशेब. म्हणजे वाघ्याचे तीन तास. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. काम झालं की तिथल्या तिथे कौतुक करायचं. चुकलं तर गप्प बसून पुसायचं. पुसायला अमोनियाचं द्रावण वापरायचं नाही. मूत्र कुजल्यावरही अमोनियाच होतो, त्यामुळे आपल्याला जी स्वच्छता वाटते, ते पिलाला निमंत्रण वाटतं. हे सारं पटलं. फक्त 'ठरलेली जागा' म्हणजे दारापुढची हिरवळ, असं प्रत्येक ग्रंथकार धरून चालतो. मे महिन्यात बालाघाटाच्या माथ्यावर हिरवळ शोधायची, तर कुत्रं बाजूलाच राहो, आधी शेळ्यांना दाखवावी लागेल! आणि येता-जाता फरशी धुवायला सांगणाऱ्याने आमच्या नळाची वाट कधी पाहिलेली नसावी.

शेवटी न्हाणीघराच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरलं आणि रात्री दोनचा गजर लावला. मी उठायचो, बोळातला दिवा लावायचो, वाघ्याला कागदावर उभा करायचो आणि त्याने कर्तव्य बजावलं की "शाब्बास रे वाघ्या!" म्हणायचो. सौ. पांघरुणातून म्हणायची, "अहो, लेक लहान होती तेव्हा एकदा तरी उठला होता का हो?" या समीक्षेला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाघ्या चार महिन्यांचा झाला. हिशेबाने पाच तासांचा धनी! मी गजर बंद केला. आणि तिसऱ्याच रात्रीपासून स्वयंपाकघराच्या दाराशी रोज पहाटे तळं दिसू लागलं. कागद कोरडा, दार ओलं. सहा दिवस मी ग्रंथ उलटेपालटे केले. सातव्या पहाटे माझा पाय घसरला, कंबर धरली आणि तीस वर्षांची अलिप्तता संपली. मी मौखिक परंपरेला शरण गेलो. वर्तमानपत्राची सुरळी केली आणि आण्णांच्या खाटेखाली झोपलेल्या वाघ्याला ओढून एक ठेवून दिली. ते केकाटलं.

"हाणू नगंस त्याला," आण्णा खाटेवर उठून बसले होते. "त्यानं न्हाई केलं."

धोतराचा सोगा त्यांनी मुठीत दाबून धरला होता. गावच्या घरात खाटेवरून उठलं, की डाव्या हाताला परसाचं दार. साठ वर्षं पाय अंधारात तिकडेच वळले. इथे डाव्या हाताला स्वयंपाकघर. महिनाभर माझ्या गजराने, माझ्या दिव्याने तेही उठत होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी दिवा बंद केला तो वाघ्याचा हिशेब मांडून.

महाभारताचं आदिपर्व मी कितीदा शिकवलं असेल. जनमेजयाच्या यज्ञापाशी एक कुत्र्याचं पिलू येतं, राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं आणि सांगतं, की मी हवी चाटला नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निरपराध लेकराला मारलंत म्हणून सरमा राजाला बजावते, की तुझ्यावर न दिसणारं संकट येईल. या विषयावरचा हा सर्वांत जुना ग्रंथ, आणि चौकशी आधी करावी हे सांगणारा, माझ्या वाचनातला एकमेव. मी तो परीक्षेत दहा गुणांना विचारला होता.

आण्णा एवढंच म्हणाले, "अणदूरचा द्येव नळदुर्गाला जातोय तर वाजतगाजत नेत्यात. पुन्हा अणदूरला आणायचा तरी तसंच. आमाला टेम्पोत घालून आणलं. हुईल सवय." 'आमाला' म्हणताना त्यांचा हात वाघ्याच्या पाठीवर होता.

त्या रात्रीपासून गजर पुन्हा दोनचा. मी बोळातला दिवा लावतो आणि आण्णांच्या खाटेपाशी जाऊन म्हणतो, "आण्णा, वाघ्याला न्यायचंय. येता का जरा सोबतीला?"

"चल बाबा," ते म्हणतात. "मुकं जनावर, त्याला कशाला ताटकळत ठेवायचं?"

वाघ्या आता वर्षाचा आहे. ग्रंथांच्या हिशेबाने त्याला रात्री उठायची काहीएक गरज नाही. तरी तो उठतो, एक लांब जांभई देतो आणि दोघांच्या पुढे चालू लागतो. कागदावर जाऊन नुसताच उभा राहतो. शेजारच्या दाराची कडी वाजली, की मी म्हणतो, "शाब्बास रे वाघ्या!"