जीर्णोद्धार आणि पाठभेद

जुन्या ग्रंथाची आवृत्ति सिद्ध करणारा संपादक आणि जुनी मोटार पुन्हां रस्त्यावर आणणारा हौशी गृहस्थ यांच्यांत वरवर पाहतां कांहींच साम्य दिसत नाहीं. एकाच्या बोटांस शाई लागते, दुसऱ्याच्या बोटांस वंगण. एक पोथ्यांच्या धुळीनें शिंकतो, दुसरा गाडीखालीं उताणा पडून गंजाचे पोपडे तोंडावर घेतो. तथापि दोघांपुढें उभा राहणारा प्रश्न एकच असतो. दुसऱ्याच्या कृतींत आपण कोठवर हात घालावा? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीवर सोपवितां येत नाहीं असें आम्हांस वाटतें, आणि तें कां वाटतें हें एका विशिष्ट गाडीच्या आधारें सांगण्याचा येथें विचार आहे. टीका पुस्तकांवरच करावी असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. ज्या वस्तूंत कर्त्याचा विचार उमटलेला आहे ती कोणतीही वस्तु टीकेचा विषय होऊं शकते.

ती गाडी म्हणजे इंग्लंडांतील लोटस कंपनीची एलान. 1962 सालीं ती प्रथम लोकांपुढें आली आणि 1973 पर्यंत निघत राहिली. कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन (1928–1982) यांच्या विचारसरणीचा ती अगदीं शुद्ध नमुना समजली जाते. तिची आकृति सिद्ध करणारे रॉन हिकमन यांनींच पुढें घरगुती सुतारकामाच्या घडीच्या बाकाचा शोध लावून नांव मिळविलें. गाडी दोघांपुरती, पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघें सात फूट आणि वजन सुमारें 680 किलो. इंजिन 1558 घनसेंटिमीटरचें. त्याचा लोखंडी ठोकळा फोर्डच्या सामान्य घरगुती गाडीचा. त्यावरील दुहेरी कॅमशाफ्टचें मस्तक मात्र हॅरी मंडी यांनीं आंखलेलें, आणि हे मंडी त्या वेळीं एका मोटारविषयक साप्ताहिकाचे तांत्रिक संपादक होते! पुढच्या चाकांचे कांहीं भाग व सुकाणूची यंत्रणा ट्रायंफ गाडीवरून घेतलेली. सारांश, शब्द बहुतेक बाजारांतले, अन्वय मात्र कर्त्याचा. चांगल्या गद्यलेखकाचेंही याहून निराळें काय असतें?

या गाडीची शैली एका शब्दांत सांगावयाची तर ती लाघव होय. अर्धी मात्रा वाचली तरी सूत्रकार जसा सुखावतो, तसा अर्धा शेर वाचला तरी हा कर्ता सुखावत असावा. गाडीचें चॅसिस म्हणजे वाकविलेल्या पोलादी पत्र्याचा पेटीसारखा एक कणा आणि त्याला दोन्ही टोकांस फुटलेले फाटे. वरचें अंग फायबरग्लासचें. पुढचे दिवे न लागतील तेव्हां अंगांत मिटून राहतात. ते उघडण्याकरितां इंजिनाच्या शोषणानें निर्माण होणारी निर्वात पोकळी वापरलेली आहे. ही पोकळी सांठविण्यास निराळें भांडें न बसवितां चॅसिसचा पुढचा पोकळ आडवा भागच भांडें म्हणून योजिला आहे. जो भाग पुढच्या चाकांचा भार वाहतो, तोच दिव्यांचा प्राणवायूही सांभाळतो. एका पदानें दोन अर्थ साधावे तसें हें झालें.

परंतु श्लेष जितका सुंदर तितका तो तुटल्यावर घोटाळाही मोठा. त्या आडव्या भागास गंज लागून टांचणीएवढें छिद्र पडलें कीं पोकळी गळूं लागते आणि दिवे पापण्या मिटूं लागतात. बिघाड दिव्यांचा वाटतो, रोग मात्र कण्याला असतो. तीच गोष्ट विजेची. लोखंडी अंगाच्या गाडींत विजेस परतीचा मार्ग अंगांतूनच मिळतो. फायबरग्लासमधून वीज जात नाहीं, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची तार द्यावी लागते. ती सैल झाली कीं अंधार. फायबरग्लास गंजत नाहीं खरें, पण त्याच्या नितळ वेषाआड पोलादी कणा निवांतपणें कुजत राहतो आणि मालकास त्याची वार्ता नसते. या गाडीचे गुण व दोष अशा रीतीनें एकाच मुळाचे असल्यामुळें दोष काढूं जातां गुण उपटला जाण्याचें भय सदैव असतें. दुरुस्ती करणाऱ्याच्या विवेकाची कसोटी येथेंच लागते.

अशा विवेकाचा आदर्श शोधण्यास मराठी वाचकास फार दूर जावयास नको. शके 1506 मध्यें, म्हणजे सन 1584 मध्यें, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्यंतरीं शिरलेले अपपाठ त्यांनीं काढून टाकले आणि पुढच्या कोणी तींत स्वतःची ओवी घालूं नये अशी विनंतीही करून ठेविली. एकनाथ स्वतः थोर कवि होते. आपली ओवी घालावयाची तर त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा? तरीही त्यांनीं आपलें कवित्व आपल्या ग्रंथांसाठीं राखलें आणि येथें केवळ सेवा केली. काळानें काय बिघडविलें आणि कर्त्यानें काय लिहिलें, यांतील भेद ओळखणें हें संपादकाचें पहिलें काम होय. जुन्या गाडीस हीच कसोटी लावली असतां तिच्यांत होणाऱ्या फेरफारांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग अपपाठ काढण्याचा. गंजलेला कणा बदलणें हें त्यांतील मुख्य काम. यासाठीं फायबरग्लासचें अंग बोल्ट सोडवून समूळ उचलावें लागतें. मग इंजिन, गिअरबॉक्स, चाकें, नळ्या, तारा सर्व उतरवावें लागतें. पुढें लोटस कंपनीनेंच जस्ताचा लेप दिलेले कणे पुरविले. मूळच्या कण्यावर तो लेप नव्हता म्हणून नव्या कण्यास परका म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आकार तोच, पत्रा वांकविण्याची रीत तीच, भार वाहण्याची तऱ्हा तीच. फक्त गंजाचें भय कमी झालें. हा पाठभेद नव्हे, ही पाठरक्षा होय.

दुसरा वर्ग काळानुरूप आधारांचा. डायनॅमोच्या जागीं आल्टरनेटर बसविणें, रहदारींत इंजिन तापूं नये म्हणून विजेचा पंखा लावणें, हे त्यांतील परिचित प्रकार. पाण्याच्या पंपाचें उदाहरण अधिक बोलकें आहे. या इंजिनांत तो पंप पुढच्या झांकणांतच घडविलेला आहे. पट्टा प्रमाणाबाहेर ताणला कीं त्याचें बेअरिंग जातें, आणि तो बदलावयाचा तर इंजिनाचें मस्तक व तळाचें तेलपात्र यांनाही हात लावावा लागतो. एका दातासाठीं सारा जबडा उघडण्याचाच हा प्रकार. आतां सुटा काढतां येईल असा पंप असलेलीं झांकणें मिळतात. तीं बसविल्यानें गाडीच्या चालण्यांत तिळमात्र फरक पडत नाहीं. मिस्त्रीचा आठवडा तेवढा वाचतो. जुन्या पोथीस नवी बांधणी करावी आणि पदच्छेद करून द्यावे, तसा हा उपकार आहे. अर्थ बदलत नाहीं, वाचन मात्र सुकर होतें.

तिसरा वर्ग प्रक्षेपांचा, आणि आमचें भांडण आहे तें याच्याशीं. एलानच्या स्प्रिंगा मऊ आहेत, टायर अरुंद आहेत. मूळच्या चाकांची कड अवघी साडेचार इंच रुंद. शर्यतीच्या वातावरणांत वाढलेल्या कर्त्यानें मऊ स्प्रिंगा योजाव्या याचें अनेकांस नवल वाटतें. परंतु वजन कमी असलें म्हणजे गाडी आवरण्यास स्प्रिंगा ताठ कराव्या लागत नाहींत. ओबडधोबड रस्त्यावर चाक जमीन सोडत नाहीं आणि रस्त्याचा कण न् कण सुकाणूवरच्या बोटांस कळतो. या गाडीच्या सुकाणूची आजही जी वाखाणणी होते तिचें मर्म हें आहे. मग कोणी हौशी गृहस्थ ताठ स्प्रिंगा घालतो, रुंद चाकें व जाड टायर चढवितो. गाडी दिसावयास उग्र होते, गुळगुळीत वळणावर किंचित् अधिक चिकटूनही राहते. पण सुकाणू जड होतो, बोलणारे हात मुके होतात आणि हलक्या सांध्यांवर त्यांनीं कधीं न मागितलेला ताण येतो. पुढें तो ताण सोसावा म्हणून सांधे जाड करावे लागतात, सांधे जाड झाले म्हणून वजन वाढतें, आणि वजन वाढलें म्हणून अधिक बळाचें इंजिन हवेंसें वाटतें. एक खोटी ओवी खपविण्यासाठीं दहा रचाव्या लागतात त्यांतलीच ही गत.

या तीन वर्गांच्या सीमेवर कांहीं उदाहरणें अशीं आहेत कीं तेथें भल्याभल्यांची बुद्धि अडखळते. एलानच्या मागच्या चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्यांस रबराचे जाड कडीवजा जोड आहेत. ते हलके व साधे. चाकाच्या खालींवर होण्यास वाव देऊन धक्केही पिणारे. पण क्लच सोडतांना ते पीळ घेतात व उलगडतात, आणि नवख्याच्या हातीं गाडी उंटासारखी हिसके देते. शिवाय रबर झिजतें. जोड फिरतां फिरतां फाटला तर आसपासच्या भागांस इजा करतो. म्हणून कित्येक जण त्या जागीं पोलादी सांध्यांच्या दांड्या बसवितात. हा अपपाठ काढला म्हणावयाचा कीं प्रक्षेप केला म्हणावयाचा? हिसका हा कांहीं कर्त्याचा अभिप्रेत अर्थ नव्हे, साधेपणासाठीं त्यानें सोसलेली ती किंमत आहे. जी गाडी रोज रस्त्यावर जावयाची तिला पोलादी सांधे देण्यास आमची हरकत नाहीं, कारण फाटलेल्या रबराची शिक्षा शेजारीं बसलेल्या निरपराध माणसालाही भोगावी लागते. मात्र काढलेला रबरी जोड फेकून न देतां जपावा आणि झालेला बदल मूळ स्थितींत नेतां येईल असाच असावा. चांगला संपादक आपला पाठ वर छापतो, पण टाकलेला पाठ तळटीपेंत देतो.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, चॅपमन स्वतःच सतत बदल करीत होते. अकरा वर्षांत गाडीच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, शेवटच्या स्प्रिंट आवृत्तींत बळ वाढविलें गेलें. तेव्हां बदल करणें हीच त्यांच्याशीं खरी निष्ठा. शिवाय 1973 पूर्वींच्या खरेदीकराच्या व्यवस्थेंत ही गाडी सुट्या भागांच्या रूपांतही विकली जाई आणि घेणारा ती घरीं जोडी. म्हणजे वाचकास सहलेखकाचा मान पहिल्यापासूनच होता. आक्षेप चतुर आहे. परंतु सुटे भाग जोडणारा कर्त्याचें वाक्य पुरें करीत होता, स्वतःचें घुसडीत नव्हता. आणि कर्त्यानें आपल्या लेखनांत फेरफार करणें हा त्याचा हक्क, वारसदाराचा नव्हे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग एक खिळाही न बदलतां गाडी कांचेच्या दालनांत ठेवावी. ही भक्ति आम्हांस प्रक्षेपाइतकीच घातक वाटते. न चाललेल्या गाडीचें रबर सुकतें, पेट्रोल चिकट होतें, ब्रेक धरून बसतात. पारायण बंद पडलेल्या पोथीला वाळवी लागते तसेंच तें. ब्रिटनमध्यें 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांस, त्यांत मोठे फेरफार झालेले नसल्यास, वार्षिक तपासणीची सक्ति नाहीं. मूळ धर्तीचा नवा कणा घालणें हा तेथें मोठा फेरफार गणला जात नाहीं. कायद्यालाही जीर्णोद्धार व रूपांतर यांतील भेद कळतो, याचा आम्हांस संतोष आहे. पण तपासणीची सूट म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे. 680 किलोच्या गाडींत माणसाच्या रक्षणाची सामग्री मुळांतच थोडी असते, हें मालकानें विसरूं नये.

ज्यास एलानचा आनंद हवा पण तिचे नखरे नकोत, त्याच्यासाठींही सन्मार्ग आहे. 1989 सालीं जपानच्या माझ्दा कंपनीनें एमएक्स-5 ही लहान, हलकी, उघडी गाडी काढली. तिच्या कर्त्यांनीं जुन्या ब्रिटिश गाड्यांचा, विशेषतः एलानचा, मन लावून अभ्यास केला होता. त्यांनीं एलानमध्यें ओव्या घातल्या नाहींत. तिच्यापासून शिकून आपला ग्रंथ निराळा लिहिला. प्रतिभेचा मार्ग तो, सेवेचा मार्ग हा. दोन्ही आदरणीय आहेत. पाना हातीं घेण्यापूर्वीं आपण यांपैकीं कोणत्या मार्गानें निघालों आहों, एवढें ज्यानें त्यानें मनाशीं ठरवावें, इतकेंच आमचें मागणें आहे.