समाधान आणि निराकरण : समाधानकेंद्री समुपदेशनाच्या तात्त्विक भूमिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अध्यापकाला अध्यापनाबरोबर विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचा भारही अनेकदा वाहावा लागतो. अशा वेळी थोड्या प्रशिक्षणात आत्मसात होणारी आणि मोजक्या भेटींत परिणाम दाखविणारी पद्धत त्याला हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. समाधानकेंद्री समुपदेशन ही अशी पद्धत आहे. तिची तंत्रे सोपी आहेत. तथापि त्या तंत्रांमागे असलेली उत्तर-आधुनिक भूमिका सोपी नाही व निर्विवादही नाही. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठीत ‘समाधान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘शंकासमाधान’ म्हणताना आपल्याला उलगडा अभिप्रेत असतो, तर ‘मनाचे समाधान’ म्हणताना तृप्ती. समस्या नाहीशी होण्यासाठी मात्र आपण ‘निराकरण’ हा वेगळा शब्द योजतो. समाधान झाले म्हणजे निराकरण झालेच असे नाही. हा भेद पुढील विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

उगम आणि स्वरूप

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने 1978 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटरची स्थापना केली. त्यापूर्वी पालो आल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमधील अभ्यासकांनी असे दाखवून दिले होते की, समस्या सोडविण्यासाठी माणसे जे प्रयत्न करतात तेच पुष्कळदा समस्येला टिकवून धरतात. डी शेझर यांनी हे सूत्र उलटे केले. समस्या कशी टिकते यापेक्षा ती कधी उद्भवत नाही, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला.

या संदर्भात 1982 मधील एका कुटुंबाची हकिकत सांगितली जाते. त्या कुटुंबाने 27 समस्या मांडल्या. परंतु एकीचेही स्वरूप स्पष्ट होईना. तेव्हा, आपल्या आयुष्यात जे चालू राहावेसे वाटते ते पुढील भेटीपर्यंत टिपून ठेवा, एवढेच त्यांना सांगण्यात आले. कुटुंब परतले ते सुधारणेचे वृत्त घेऊनच. या अनुभवातून अपवादांचा शोध, शून्य ते दहा या श्रेणीवरील प्रश्न आणि सुप्रसिद्ध ‘चमत्कार प्रश्न’ यांनी बनलेली पद्धत आकाराला आली. आज रात्री झोपेत चमत्कार होऊन समस्या नाहीशी झाली, तर सकाळी तुम्हाला ते कशावरून कळेल, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. उपायाचा समस्येशी थेट संबंध असलाच पाहिजे असे नाही, हा डी शेझर यांचा सिद्धान्त होय. 1985 मधील ग्रंथात त्यांनी अनेक कुलपे उघडणाऱ्या एकाच किल्लीची उपमा योजली आहे.

उत्तर-आधुनिक अधिष्ठान

ल्योतार यांनी 1979 मध्ये उत्तर-आधुनिकतेचे लक्षण म्हणून महाकथनांवरील अविश्वासाचा निर्देश केला. मानसोपचारात ‘निकोप व्यक्तिमत्त्व’ किंवा ‘आदर्श कुटुंब’ यांविषयीचे सिद्धान्त ही अशीच महाकथने ठरतात. हार्लीन अँडरसन व हॅरल्ड गूलिशियन यांनी 1988 मध्ये समस्या ही भाषिक व्यवहारात घडते अशी मांडणी केली आणि पुढे समुपदेशकाने ‘न जाणणाऱ्या’ची भूमिका घ्यावी असे प्रतिपादिले. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक उपचारपद्धतीने व्यक्ती व समस्या यांची फारकत केली. व्हाइट यांचा मुख्य आधार फूको यांचा सत्ताविचार होता, तर डी शेझर यांचा विट्गेन्स्टाइन यांचा भाषाविचार. भेद असे असले तरी सल्लार्थी हाच आपल्या आयुष्याचा जाणकार होय, याविषयी या सर्वांचे एकमत आहे.

या विचाराचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दोष हुडकणाऱ्या दृष्टीऐवजी सामर्थ्य शोधणारी दृष्टी त्याने दिली. ‘आळशी’, ‘दुर्बल मनाचा’ अशी विशेषणे सहज लावणाऱ्या आपल्या शैक्षणिक वातावरणात तिचे मोल विशेष आहे.

चिकित्सा

तथापि तीन आक्षेप विचारात घ्यावे लागतात.

पहिला आक्षेप तटस्थतेविषयी आहे. आपण काही जाणत नाही असे म्हणणारा समुपदेशक अपवादाविषयी विचारतो आणि दुःखाविषयी विचारीत नाही, तेव्हा कोणते बोलणे वाढवायचे व कोणते विरू द्यायचे याची निवड त्याने आधीच केलेली असते. सत्ता येथे नाहीशी होत नाही, अदृश्य होते. फूको यांचा विचार या पद्धतीलाच लावला, तर हाच निष्कर्ष निघतो.

दुसरा आक्षेप सत्याविषयी आहे. बार्बरा हेल्ड यांनी 1995 मध्ये उत्तर-आधुनिक उपचारविचारातील वास्तवविरोधी भूमिकेची सविस्तर चिकित्सा केली. वास्तव केवळ भाषेत घडत असेल, तर ‘सुधारणा झाली’ या विधानाला काय अर्थ उरतो? परिणामकारकतेचे दावे मात्र वास्तवाच्या भाषेतच केले जातात. जिंजरिच व पीटरसन यांनी 2013 मध्ये 43 नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेतला, त्यांपैकी 32 अभ्यासांत लक्षणीय लाभ दिसून आला. दुसरीकडे, फिनलंडमधील हेलसिंकी अभ्यासात भावस्थितीच्या वा चिंतेच्या विकृती असलेल्या 326 रुग्णांची पाहणी झाली. तिचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. पहिल्या वर्षी समाधानकेंद्री व अन्य अल्पकालीन उपचारांचा परिणाम अधिक जलद दिसला. तीन वर्षांअखेर मात्र दीर्घकालीन मनोगतिकीय उपचार सरस ठरला. म्हणजे पद्धत उपयुक्त आहे. पण तिची उपयुक्तता ठरविण्यासाठी तिने नाकारलेल्या वस्तुनिष्ठ मापनाचाच आश्रय घ्यावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वाधिक गंभीर आहे. समजा, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी सतत गैरहजर राहते. शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झालेला नाही आणि घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत. चमत्कार प्रश्नाला ती उत्तर देते, “सकाळी घरात लग्नाचा विषयच निघणार नाही, आणि मी ग्रंथालयात जाईन.” कुशल समुपदेशक त्यातून अपवाद शोधील, तिला तीनवरून चारवर आणील, आणि ती आठवड्यातून दोनदा ग्रंथालयात येऊ लागेल. हा लाभ खरा आहे. परंतु हप्ता अजूनही जमा झालेला नाही आणि बोलणीही थांबलेली नाहीत. तिचे समाधान झाले, निराकरण झाले नाही. समस्येचा शोध अनावश्यक मानल्याने कार्यालयात जाऊन चौकशी करण्याचे आणि पालकांशी बोलण्याचे कर्तव्य समुपदेशकाच्या दृष्टीआड होते. व्यवस्थेचा प्रश्न विद्यार्थिनीच्या दृष्टिकोनाचा प्रश्न बनतो.

काही प्रसंगी तर ‘न जाणण्या’ची भूमिका घेण्याची मुभाच नसते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 नुसार अशा अपराधाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. येथे कोणते कथन उपकारक, हा प्रश्न गौण ठरतो. काय घडले, हाच प्रश्न महत्त्वाचा. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याविषयीही हेच म्हणता येईल. तेथे अपवादाच्या शोधाबरोबर धोक्याची थेट विचारपूस आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे तातडीने पाठविणे अपरिहार्य असते.

समारोप

वरील विवेचनावरून ही पद्धत त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तिची तंत्रे स्वीकारावीत, परंतु समस्येच्या वास्तवाविषयीची तिची उदासीनता स्वीकारू नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. अपवादाचा प्रश्न विचारण्यापूर्वी अध्यापक-समुपदेशकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : या विद्यार्थ्याच्या अडचणीतील कोणता भाग त्याच्या बोलण्यातून बदलू शकेल, आणि कोणता भाग मला उठून बदलावा लागेल? पहिल्या भागासाठी डी शेझर आणि बर्ग यांच्यासारखे मार्गदर्शक दुर्मीळ आहेत. दुसऱ्या भागासाठी मात्र समुपदेशनाच्या खोलीचे दार उघडून बाहेर पडावे लागते.