फळ्यावरच्या त्या तासाआधी

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

एकवीस अंकी संख्या. दोनचा ६७वा घात, वजा एक. हिची गोष्ट कुठे ना कुठे कानावर आली असेल. ऑक्टोबर १९०३, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. फ्रँक नेल्सन कोल उठतात, अवाक्षर न काढता फळ्यावर ही संख्या मांडतात, शेजारी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने करतात. दोन्ही उत्तरं जुळतात. टाळ्या.

ही गोष्ट गाजवली एरिक टेंपल बेल यांनी. बेल वाचायला मजा येते, पण गोष्टीला मीठमसाला लावायची त्यांची सवय जगजाहीर आहे. शांतता खरी होती की नाही, यावर मला वाद घालायचा नाही. माझी तक्रार वेगळी आहे: कॅमेरा चुकीच्या जागी लावलाय. गुणाकार हा या कथेतला सगळ्यात सोपा भाग आहे. तो सातवीतलं पोरगंही करेल.

मार्सेननं १६४४मध्ये ही संख्या मूळ असल्याचं बिनधास्त लिहून टाकलं होतं. १८७६मध्ये ल्युका यांनी दाखवलं की ती मूळ नाही. पण अवयव? एकही नाही. इथे मी अडकतो. त्यांच्या चाचणीचं आजचं सुटसुटीत रूप असं: ४पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी घ्या. असं ६५ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. इथे येत नाही. म्हणजे ही वस्तू फुटते हे पक्कं, पण कुठून फुटते याचा मागमूस नाही. जगानं ही अवस्था २७ वर्षं सहन केली. बेलच्या नाटकात तिला जागाच नाही.

कोल यांनी आंधळेपणानं भागाकार केले नाहीत. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४ल‌ा कशाने तरी गुणून १ मिळवल्यावरच येतो, आणि त्याला ८नं भागलं तर बाकी १ किंवा ७च उरते. एवढ्या चाळणीनंतरही लहान अवयवापर्यंत सातेक लाख उमेदवार उरतात. वर्गांच्या बाक्या वापरून ते आणखी छाटावे लागले. खरा थरार या छाटणीत आहे, पण फळ्यावर तो दिसत नाही ना!

मी सातेक लाखांचा लूप लिहिला; डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर. (जावास्क्रिप्टमध्ये साध्या नंबरनं करू नका. ही संख्या तिथे ...४१०००० अशी छापली जाते, आणि १ वजा केल्याचा पत्ताही लागत नाही.) म्हणून कोल यांचं काम किरकोळ ठरतं का? सहाशे अंकी संख्या घ्या, दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार. ती मूळ नाही हे फोन लगेच सांगेल. अवयव मात्र जगातले सगळे संगणक लावूनही सापडत नाहीत, आणि आरएसए कुलूप टिकून आहे ते याच फरकावर. म्हणजे आपण अजून १८७६ आणि १९०३च्या मधेच कुठेतरी उभे आहोत.