पानिपतच्या वाङ्मयातील विसरलेला उतार

पानिपतावरील मराठी वाङ्मय विपुल आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ आणि १९८८ साली आलेली विश्वास पाटील यांची कादंबरी, एवढी नावे घेतली तरी या परंपरेचा पल्ला ध्यानी येतो. तथापि सामान्य वाचकाच्या मनावर ठसले आहे ते मुख्यतः १४ जानेवारी १७६१ या एकाच दिवसाचे चित्र. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले, होळकर निघून गेले. पराभवाची कारणमीमांसा बहुधा येथेच थांबते.

निर्णायक घटना मात्र सुमारे अकरा आठवडे आधीच घडली होती. ऑक्टोबर १७६० च्या मध्यास मराठ्यांनी उत्तरेकडील कुंजपुरा जिंकला. यमुनेला अजून पाणी होते. शत्रू ती इतक्यात ओलांडील असे कोणास वाटले नाही. महिनाअखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली. काही माणसे वाहून गेली, पण सैन्य पार झाले आणि दिल्ली व मराठे यांच्या मध्ये उभे राहिले. दिल्लीस नारो शंकर होते. त्यांच्याकडून रसद येण्याची सरळ वाट तुटली. अब्दालीचाही स्वदेशाचा मार्ग अडला होता, हे खरे. परंतु नजीबखानामुळे त्यास अंतर्वेदीतून धान्य मिळत राहिले. ती रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले आणि यात्रेकरू व बायकामुले यांनी भरलेल्या मराठ्यांच्या छावणीत उपासमार वाढली.

याच यमुनेच्या बुराडी घाटावर जानेवारी १७६० मध्ये दत्ताजी शिंदे पडले. तो घाट शाळकरी मुलासही ठाऊक असतो. बागपतचा उतार ठाऊक नसतो. बुराडीस वीर आहे, बागपतास केवळ नीट न राखलेला उतार. बखरींत उपासमार येते, पण दैवाचा फेरा म्हणून; त्या उताराशी तिचे नाते वाचकाच्या मनात जुळत नाही. रणभूमी स्वतः पाहून भूगोलास साक्षीला बोलाविले, हे शेजवलकरांचे मोठेपण.

ग्वाल्हेर, इंदूर व बडोदे येथील राजघराण्यांची माणसे त्या रणात होती. म्हणूनच आपल्या मंडळींत भाऊ चुकले की मल्हारराव, हा वाद सहज पेटतो आणि वर्गातही तोच उतरतो. दोषी माणूस सापडला की विचार संपतो. विद्यार्थ्यापुढे आधी यमुनेचा नकाशा ठेवावा आणि मग बखर उघडावी. त्याने शोकांतिकेचे गांभीर्य उणावणार नाही. उलट, त्या दिवशी रणात उतरलेले सैन्य किती उपाशी होते आणि तो उपास कोठे सुरू झाला, हे त्यास उमजेल.