त्रिकोणी छपराचे घर कोणाचे?

एक कागद घ्या आणि अर्ध्या मिनिटात एक घर काढा. पुढचे वाचण्याआधी काढाच.

बहुधा तुमच्या कागदावर एक चौकोन असेल, त्यावर त्रिकोण, मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना फुली मारलेल्या खिडक्या. छपरावर एखादे धुराडे असेल आणि त्यातून वेटोळे घेत निघालेला धूर. आम्हीही शाळेत हेच घर काढत आलो. आमच्यापैकी कोणीही अशा घरात कधी राहिलेले नाही.

नवशिक्यांना कार्टून शिकवणाऱ्या पुस्तकांतला घराचा धडा साधारण याच घराभोवती फिरतो. पहिली पायरी चौकोन, दुसरी त्रिकोण, तिसरी दारे-खिडक्या. चौथ्या पायरीत भिंती जरा वाकड्या करायच्या, छप्पर टोपीसारखे फुगवायचे, खिडक्यांना डोळे काढायचे की झाले गमतीदार घर! या पद्धतीचा एक गुण मान्य करायला हवा. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारे मूल दहा मिनिटांत काहीतरी पुरे करते आणि त्याला हुरूप येतो. सोप्या आकारांपासून सुरुवात करण्यालाही आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. या चारही पायऱ्यांत मुलाला एकदाही मान वर करून एखादे खरे घर पाहावे लागत नाही.

मग ते घर येते कुठून? धुराडे ही थंड प्रदेशातल्या, विशेषतः युरोपातल्या घरांची खूण. घरात शेकोटी पेटवायची, तर धूर बाहेर काढायला धुराडे हवेच. आपल्याकडे घरांची गरज वेगळी. कोकणात वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथेही छप्पर उतरते असते, पण ते भिंतींच्या बरेच पुढे आलेले असते, कारण पावसाची झड भिंतीवर येऊ द्यायची नसते. सोलापूरकडे पाऊस याच्या साधारण पाव हिश्श्याइतका. तिथली जुनी घरे माळवदाची : वर मातीचे सपाट छत आणि पाणी जायला भिंतीबाहेर काढलेली पन्हळ. म्हणजे छपराची एक रेघ त्या गावच्या पावसाची माहिती देत असते. पुस्तकातून उतरवलेली रेघ मात्र मुलाला त्याच्या गावाबद्दल काहीच सांगत नाही.

‘अहो, कार्टूनच तर आहे. त्यात खरेखोटे कसले पाहता?’ असे कोणी म्हणेल. पण कार्टूनच्याच एका प्रकाराला मराठीत ‘अर्कचित्र’ हा सुरेख शब्द आहे. अर्क काढायचा तर आधी वस्तू हातात हवी. जे पाहिलेच नाही, त्याचा अर्क कसा निघणार?

मारिओ मिरांडा (१९२६-२०११) यांनी काढलेली गोव्याची घरे या दृष्टीने पाहावीत. लोटली गावी त्यांचे पिढीजात घर होते. त्यांच्या चित्रांत अतिशयोक्ती भरपूर आहे, रेघांची दाटी आहे, गंमत तर आहेच. पण कौलांच्या ओळी, दारापुढच्या पायऱ्या, बसायला दोन्ही बाजूंना बाके असलेले बाल्कांव, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या हे सारे तिथल्या घरांत असलेलेच आहे. काचेऐवजी चपट्या शिंपल्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या या खिडक्यांतून उजेड मऊ होऊन आत येतो. असा तपशील पाहणाऱ्यालाच सुचतो. म्हणूनच खाली नाव नसले, तरी ते घर गोव्याचे हे ओळखू येते. वाकड्या भिंतींचे आणि डोळेवाल्या खिडक्यांचे घर कुठलेही असू शकते, म्हणजे ते कुठलेच नसते.

शिक्षकांच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान आणखी एक आहे. लहान मूल दिसते ते न काढता त्याला माहीत असते ते काढते, असे फ्रेंच अभ्यासक लुके यांनी १९२७ साली मांडले. म्हणून त्याच्या चित्रात भिंतीच्या आतली खाटही दिसते. पुढे पियाजे आणि इन्हेल्डर यांनी १९४८ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवून दिले, की लहान मुले धुराडे सरळ उभे न काढता छपराच्या उताराशी काटकोनात, म्हणजे तिरपे काढतात. डोंगरउतारावरची झाडेही तशीच तिरपी येतात. उभी दिशा जमिनीवरून ठरवायची, जवळच्या रेघेवरून नव्हे, ही समज हळूहळू येते. तिरपे धुराडे हा त्या मुलाच्या विचाराचा पुरावा आहे. त्यावर लाल फुली मारली, तर आपण तो पुरावा वाचायचे नाकारतो. आणि सगळ्या वर्गाने फळ्यावरचे घर उतरवून काढले, तर पुरावा उरतच नाही. चाळीस वह्यांत चाळीस सरळ धुराडी दिसतात आणि कोणाला काय समजले आहे, हे शिक्षकाला कळत नाही.

तेव्हा पुस्तक फेकून देऊ नका, फक्त त्याच्या आधी एक तास घाला. मुलांना शाळेसमोरच्या एखाद्या घरापुढे बसवा. दार माणसाच्या किती पट उंच आहे? पाणी कुठून खाली येते? उजेड आत कसा जातो? धूर कुठून बाहेर पडतो? दोऱ्याला दगड बांधून गवंड्याचा ओळंबा बनवा आणि वही तिरपी धरून त्याच्याजवळ न्या. वही तिरपी झाली, तरी दोरा तिरपा होत नाही, हे मुलांना स्वतः पाहू द्या. मग त्यांना घर काढू द्या, हवे तर चौकोनापासूनच.

त्यानंतर कार्टूनची पायरी घ्या : या घरातली एकच गोष्ट निवडून मोठी करा. कोणी पन्हळ घराएवढी करील, कोणी उंबरा गुडघ्याइतका उंच, कोणी चाळीच्या गॅलरीतली दोरी कपड्यांच्या भाराने जमिनीला टेकवील. ती गोष्टच का निवडली, हे प्रत्येकाला विचारा. उत्तर देता आले, तर त्या मुलाने घर पाहिले आहे असे समजायला हरकत नाही. रेघ थोडी वाकडी आली असली तरी.