भुकेची वाचा : ब्राझीलचे चित्रपट आणि त्यांमागील कादंबऱ्या

ब्राझीलमधील दारिद्र्य आणि विषमता यांवरील चित्रपटांकडे सामान्यतः सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. या परंपरेतील कित्येक महत्त्वाचे चित्रपट कादंबऱ्यांतून जन्मले आहेत, आणि त्या कादंबऱ्यांपुढे जो कळीचा पेच होता तोच निराळ्या रूपाने चित्रपटांपुढेही उभा राहिला. ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याचे अंतरंग सांगायचे कोणी, आणि कोणाच्या भाषेत? दलित साहित्यविषयक चर्चेतून गेलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न नवा वाटणार नाही. स्वानुभव आणि सहानुभूती यांतील अंतराविषयी आपण पुष्कळ वाद घातले आहेत. ब्राझीलमध्ये मात्र तो वाद प्रामुख्याने तंत्राच्या पातळीवर, म्हणजे निवेदक ठेवावा की काढून टाकावा या प्रश्नाच्या रूपाने लढला गेला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आरंभ ग्रासिलियानो रामोस यांच्या 'व्हिदास सेकास' म्हणजे 'कोरडी आयुष्ये' या १९३८ च्या कादंबरीपासून करणे इष्ट ठरेल. रामोस ईशान्येकडील आलागोआस राज्याचे. पाल्मेइरा दोस इन्दिओस या गावाचे ते काही काळ नगराध्यक्ष होते आणि १९३६-३७ मध्ये व्हार्गास राजवटीत त्यांनी खटल्यावाचून तुरुंगवास भोगला. त्या तुरुंगवासानंतरची ही तेरा प्रकरणांची कृश कादंबरी. दुष्काळातून वाट काढणारा गुराखी फाबियानो, त्याची बायको सिन्या व्हितोरिया, ज्यांना नावेही नाहीत असे दोन मुलगे, आणि बालेया नावाची कुत्री. बालेया म्हणजे देवमासा. पाण्याच्या थेंबासाठी तडफडणाऱ्या मुलखात कुत्रीला हे नाव देण्यातला रामोस यांचा कोरडा विनोद ध्यानात घेण्यासारखा आहे. या कुटुंबाने पाळलेला पोपट भुकेपायी खाऊन टाकला जातो. हा पोपट बोलत नसे, कारण घरात कोणी फारसे बोलतच नसे. तो कुत्रीच्या भुंकण्याची नक्कल करी. मुका पक्षी निरुपयोगीच, अशी सिन्या व्हितोरिया मनाची समजूत घालते. संपूर्ण कादंबरीचा आशय या एका तपशिलात सामावला आहे.

फाबियानोची फसवणूक भाषेतूनच होते. बायको बिया मांडून हिशेब करते आणि मालकाचा हिशेब निराळा निघतो. विचारले, तर फरकाला 'व्याज' असे नाव मिळते. ते नाव त्याला उच्चारता येते, उलगडता येत नाही. थोरला मुलगा 'नरक' या शब्दाचा अर्थ विचारतो आणि उत्तरादाखल डोक्यावर टोला खातो. रामोस यांनी या मुक्या माणसांच्या मनात शिरण्यासाठी तृतीयपुरुषी निवेदनातच त्यांचे स्वगत मिसळून टाकले. मरणाऱ्या कुत्रीला सशासारख्या प्राण्यांनी गजबजलेल्या जगाचे स्वप्न पडते, तेही त्याच निवेदनातून.

नेल्सन पेरेइरा दोस सान्तोस यांनी १९६३ मध्ये या कादंबरीचा चित्रपट केला, तेव्हा हे निवेदन त्यांनी सरळ वगळले. याआधी १९५५ मध्ये त्यांच्या 'रिओ, ४० अंश' या चित्रपटावर पोलीसप्रमुखाने बंदी घातली होती, आणि रिओचे तापमान कधी चाळीस अंशांवर जात नाही, असेही एक कारण त्यासाठी पुढे केले होते. नोकरशाहीचा वास्तववाद तो असा! 'व्हिदास सेकास'मध्ये अंतर्मनाचा आवाज नाही आणि पार्श्वसंगीतही नाही. पहिल्या दृश्यात क्षितिजावरून ते कुटुंब सावकाश जवळ येत राहते आणि त्यावर बैलगाडीच्या चाकाची कर्कश करकर ऐकू येते, पण पडद्यावर बैलगाडी कोठेच नाही. छायालेखक लुइझ कार्लोस बारेतो यांनी गाळणी न वापरता ऊन जसेच्या तसे फिल्मवर उतरू दिले. परिणामी आकाश पांढरेफटक होते आणि प्रेक्षकाला डोळे किलकिले करावेसे वाटतात. जे कादंबरीत स्वगताने साधले ते येथे प्रकाशाने आणि चाकाच्या आवाजाने साधले आहे. माध्यमांतराचे याहून प्रामाणिक उदाहरण मला सहजी आठवत नाही. १९६३ हे वर्षही महत्त्वाचे. जमीनसुधारणांचा वाद तेव्हा ऐरणीवर होता, आणि मार्च-एप्रिल १९६४ च्या लष्करी उठावाने तो वादच बंद पाडला. ग्लाउबेर रोशा यांनी १९६५ मध्ये जेनोव्हा येथे 'भुकेचे सौंदर्यशास्त्र' हा जाहीरनामावजा निबंध सादर केला, तो या उठावाच्या छायेत. भूक हा चित्रपटाचा केवळ विषय असून चालणार नाही, ती त्याची शैली झाली पाहिजे, हा त्याचा इत्यर्थ.

क्लारिसे लिस्पेक्तोर यांच्या 'आ ओरा दा एस्त्रेला' (१९७७) या कादंबरीत हाच पेच उपरोधाच्या टोकाला जातो. आलागोआसहून महानगरात आलेली माकाबेया ही टंकलेखिका. फाबियानोचे मुलगे शहरात पोचले असते तर त्यांची पुढची पिढी अशीच असती. तीही रेडिओवर ऐकलेल्या शब्दांचे अर्थ मित्राला विचारते आणि वसकन अंगावर आलेले उत्तर घेऊन गप्प बसते. परंतु तिची कथा सांगतो रोद्रिगो एस. एम. नावाचा सुशिक्षित लेखक, आणि कादंबरीचा मोठा भाग तिची कथा सांगण्याचा आपल्याला अधिकार काय, या त्याच्या तळमळीने व्यापला आहे. तत्पूर्वी १९६० मध्ये कारोलिना मारिया दे जेझुस या साव पाउलोच्या झोपडवस्तीत कागद वेचून जगणाऱ्या कृष्णवर्णी स्त्रीची दैनंदिनी प्रसिद्ध झाली होती. तिला रोद्रिगोची गरज पडली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. सुझाना आमाराल यांनी १९८५ च्या आपल्या चित्रपटात रोद्रिगोला काढून टाकले. काहींना ही हानी वाटते, कारण कादंबरीचे आत्मपरीक्षण त्याच्याबरोबर गेले. मला उलट वाटते. निवेदक गेल्यामुळे मार्सेलिया कार्ताशो हिच्या चेहऱ्याला जागा मिळाली. बर्लिन महोत्सवात १९८६ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला तो याच निःशब्द चेहऱ्यासाठी. दया करण्याचे काम कोणी आपल्या वतीने आधीच उरकून ठेवलेले नसल्याने प्रेक्षक अवघडून बसतो.

एक्तोर बाबेन्को यांच्या 'पिशोते' (१९८०) विषयी थोडक्यात. झोझे लोउझेइरो यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात सुधारगृहातून पळालेल्या मुलांची भूमिका खरोखरीच्या गरीब वस्त्यांतील मुलांनी केली. मारिलिया पेरा यांची स्वेली त्या मुलाला क्षणभर छातीशी घेते आणि मग दूर लोटते, हे दृश्य विसरता येत नाही. परंतु १९८७ मध्ये पिशोतेची भूमिका करणारा फेर्नांदो रामोस दा सिल्वा एकोणिसाव्या वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला, आणि त्यानंतर हा चित्रपट केवळ कलाकृती म्हणून पाहणे कोणालाही शक्य राहिले नाही. कलेने ज्याला चेहरा दिला त्याला आयुष्य देता आले नाही, ही टोचणी १९९६ मध्ये त्याच्या मृत्यूवर निघालेल्या स्वतंत्र चित्रपटानेही शमली नाही.

वाल्तेर सालेस यांचा 'सेन्त्राल दो ब्राझील' (१९९८) कादंबरीवर आधारित नाही. तरीही या परंपरेतील सर्वांत साहित्यिक चित्रपट मी त्यालाच म्हणेन, कारण त्याची नायिकाच लेखनिक आहे. रिओच्या रेल्वेस्थानकात टेबल मांडून दोरा निरक्षरांची पत्रे लिहून देते, पैसे घेते आणि घरी जाऊन त्यांतली बहुतेक पत्रे फाडते किंवा खणात टाकते. गरिबांच्या वतीने लिहिणाऱ्या लेखकाचे याहून निर्दय चित्र लेखकांनीही रेखाटलेले नाही. रोद्रिगोने निदान तळमळ तरी केली होती. पुढे आई गमावलेल्या झोस्वेला घेऊन दोरा ईशान्येकडे जाते. म्हणजे फाबियानोच्या आणि माकाबेयाच्या वाटेने उलट दिशेला. झोस्वेच्या बापाने त्याच्या आईला लिहिलेले पत्र ती शेवटी मुलांना वाचून दाखवते. तिच्या वाचनात झोस्वेचे नाव येते. ते कागदावर आहे की केवळ तिच्या ओठांवर, हे सालेस उघड करीत नाहीत. पत्रे दडपणारी स्त्री कदाचित येथे प्रथमच पत्रात भर घालते, आणि फेर्नांदा मोन्तेनेग्रो यांनी तिथे घेतलेला किंचितसा विराम ही साऱ्या चित्रपटाची कमाई आहे. यात्रेचा प्रसंग काहीसा लांबला आहे आणि उत्तरार्धात भावविवशताही डोकावते, हेही सांगितले पाहिजे.

पाउलो लिन्स यांच्या कादंबरीवरील (१९९७) 'सिदादे दे देउस' (२००२) जगभर गाजला. लिन्स स्वतः त्याच वस्तीत वाढले, त्यामुळे अनुभवाच्या सच्चेपणाविषयी शंका घेता येत नाही. शंका आहे ती गतीविषयी. समीक्षिका इव्हाना बेन्तेस यांनी रोशांच्या शब्दांवर कोटी करून 'भुकेचे प्रसाधनशास्त्र' असा शब्द योजला, तो या सुमाराच्या अशा चित्रपटांना उद्देशून. दिग्दर्शक फेर्नांदो मेइरेलेस यांच्या संकलनाचा वेग पाहता तो पुरता अन्यायकारक म्हणता येत नाही. मात्र एका लहानग्याच्या हाती पिस्तूल देऊन दुसऱ्या लहानग्यावर ते झाडायला लावले जाते, तिथे कॅमेरा थबकतो आणि रडणारे मूल तेवढे उरते. तेवढ्यापुरता तरी रोशांचा शब्द पाळला गेला आहे.

आना मुइलार्त यांचा २०१५ चा चित्रपट भुकेचा नाही, उंबरठ्याचा आहे. घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारी घटनादुरुस्ती ब्राझीलमध्ये २०१३ मध्ये झाली. गुलामगिरी कायद्याने संपली होती १८८८ मध्ये. साव पाउलोतील श्रीमंत घरात राहणारी व्हाल (रेजिना कासे) मालकांचा मुलगा वाढवते. तिची स्वतःची मुलगी जेसिका दूर पेर्नाम्बुकोत परक्यांच्या हाती वाढते, आणि एके दिवशी वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेसाठी येऊन त्याच घरात उतरते. जेसिकाला शब्दांचे अर्थ विचारावे लागत नाहीत. बसायचे कोठे, खायचे काय, हे अलिखित नियम तिला ठाऊकच नाहीत, आणि तिचे हे अज्ञान आईच्या ज्ञानाची लाज काढते. ती तरणतलावात उतरते तेव्हा मालकीण उंदीर दिसल्याचे सांगून पाणी सोडायला लावते. पुढे मुलगी परीक्षेचा पहिला टप्पा उत्तीर्ण झाल्याचे कळते. त्या रात्री इतकी वर्षे या घरात राहूनही कधी पाण्यात न उतरलेली व्हाल अर्धवट रिकाम्या तलावात उतरते, पाय भिजवीत चालते आणि आपण कोठे उभ्या आहोत हे मुलीला दूरध्वनीवरून सांगते.