कोरड्या विहिरींची नोंद

विद्यार्थ्यांच्या निबंधांवरील टीकेला वाङ्मयीन अंकात जागा असावी काय, असे कुणी विचारील. मला वाटते, असावी. लिहिणारा काय सांगतो याइतकेच तो काय गाळतो, हेही टीकाकाराने पाहावयाचे असते. आणि ही गाळणी नवशिक्याच्या लेखनात अधिक उघडपणे दिसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानप्रणालीला अभ्यासक्रमात स्थान दिल्यापासून परभणी जिल्ह्यातील मुलांचे ‘पाश्चात्त्य विज्ञान आणि पारंपरिक ज्ञान’ ह्या विषयावरचे निबंध माझ्याकडे तपासावयास येतात. त्यांत दोन तट सहज दिसतात.

पहिल्या तटाचा आवडता विषय हळद. ते स्वाभाविकच आहे. हळदीची मोठी बाजारपेठ असलेले वसमत १९९९ पर्यंत ह्याच जिल्ह्यात होते. हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. इथपर्यंत सारे ठीक. पण पुढे बहुतेक जण लिहितात की, हळदीचा गुण अमेरिकेने मान्य केला. वस्तुतः मान्य झाले ते एवढेच की, हा उपयोग नवा नव्हे. आजीचा शब्द त्यासाठी पुरला नाही; जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे करावे लागले. एखादी गोष्ट जुनी असणे वेगळे आणि खरी असणे वेगळे. तिच्या खरेपणाचा निवाडा त्या कचेरीत झालाच नाही.

दुसरा तट सगळ्यालाच अंधश्रद्धा म्हणतो. एकाने मृगाच्या बेडूक-म्हैस-गाढव ह्या वाहनांची यथेच्छ थट्टा केली आहे. थट्टा करावयास माझी हरकत नाही. पण तो तिथेच थांबला. पंचांगातील सूर्यनक्षत्रे ताऱ्यांच्या हिशेबाने चालतात, ऋतू तसे चालत नाहीत. सुमारे ७२ वर्षांत दोहोंत एका दिवसाचे अंतर पडते. म्हणजे हजार वर्षांपूर्वी मृग ऋतुमानाने सुमारे दोन आठवडे आधी लागत असे. मग कुणबी पेरणी कशावर करीत आला, नक्षत्रावर की जमिनीतल्या ओलीवर? विचारण्याजोगा प्रश्न हा होता.

तिसरा निबंध जिंतूरकडच्या एका मुलाचा. विषय पाणाड्या. गावातल्या पाणाड्याने दाखविलेल्या बोअरांची त्याने यादी केली होती. तीत कोरड्या गेलेल्याही होत्या, त्याच्या स्वतःच्या शेतातल्या दोन धरून. शेजारी, कुणालाही न विचारता पाडलेल्या बोअरांची दुसरी यादी. निष्कर्ष मात्र नाही. ‘निष्कर्षाचा अभाव’ असा शेरा मारून मी गुण कापले.

मुलगा भेटावयास आला. गुणांविषयी तो काही बोलला नाही. वडिलांना तो दादा म्हणतो. म्हणाला, “सर, दादा म्हणले, कोरड्या बोअरचं नको लिहू. पाणाडे आपले मामाच लागतात. मी लिहिलं, तर आता मामा घरी येईनात.”

त्या रात्री तो निबंध मी पुन्हा वाचला. आपल्याकडचा काळा पाषाण झिजलेल्या थरांत आणि भेगांत पाणी धरून ठेवतो. त्यामुळे बोट कुठेही दाखविले तरी थोडेफार पाणी लागण्याचा संभव असतोच. म्हणूनच पाणाड्याचे यश मोजावयाचे तर त्याचे अपयश हवे, आणि न विचारता खोदणाऱ्यांचा अनुभवही हवा. दोन्ही त्याने दिले होते. एका गावाच्या एवढ्या तुटपुंज्या नोंदीवरून निर्णय देता येत नाही, हे त्याला कळले होते. मला कळले नव्हते. गुण मी वाढविले.

तरीही त्या निबंधात एक उणीव राहतेच. यंत्र लावून जागा दाखविणाऱ्यांच्या बोअरांची यादी त्यात नाही. जणू त्यांच्या कोरड्या जातच नाहीत. मामाला लावलेला निकष यंत्रवाल्यालाही लावावयास हवा होता. जुन्या शेऱ्यावर काट मारून मी खाली लिहिले: “तिसरी यादी कर. आणि मामांना ती स्वतः वाचून दाखव.”